शाळेची घंटा आणि ‘अतिरिक्त’ माणूस

शाळा म्हटली की समाजाच्या डोळ्यांसमोर फळा, खडू आणि शिक्षक उभे राहतात. पण सकाळी शाळेच्या फाटकाचे कुलूप काढणारा, वर्ग झाडणारा, पाण्याची टाकी भरणारा आणि वेळेवर घंटा वाजविणारा माणूस निराळाच असतो. मुले त्याला ‘मामा’ म्हणतात. बाई असली तर ‘मावशी’. कार्यालयात वहीत मान घालून बसलेला लिपिक, प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुणारा परिचर, ग्रंथालयातील कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा सेवक, ही सारी त्याच पंगतीतील माणसे. शासनाच्या भाषेत ती ‘शिक्षकेतर’ होत. म्हणजे जे शिक्षक नाहीत ते. ते कोण आहेत, हे त्या शब्दात कोठेच सांगितलेले नाही. पटावरील मुले कमी झाली की याच माणसांच्या नावापुढे दुसरा एक शब्द लागतो, ‘अतिरिक्त’.

शिक्षक अतिरिक्त ठरला की त्याची बातमी होते. विधान परिषदेत शिक्षकांचे प्रतिनिधी असतात आणि ते सभागृहात आवाज उठवितात. शिपाई अतिरिक्त ठरला तर त्याची चर्चा फार तर गावच्या पारावर होते. वास्तविक महाराष्ट्राच्या कायद्याने या दोघांत भेद केलेला नाही. तो व्यवहारात कसा निर्माण झाला आणि कायद्याने दिलेले संरक्षण कायदा न बदलताच कसे पोकळ होत गेले, हे पाहणे अगत्याचे आहे.

कायद्याने दिलेली हमी

खाजगी शाळांतील नोकरी एके काळी बव्हंशी संचालकांच्या मर्जीवर चालत असे. माध्यमिक शाळा संहिता होती. पण तिला कायद्याचे बळ नव्हते. अनुदान रोखण्याची धमकी एवढेच तिचे शस्त्र. ही स्थिती बदलली ती ‘महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७’ या कायद्याने. १५ जुलै १९८१ रोजी तो अंमलात आला आणि त्याच वर्षी त्याखालील नियमावलीही आली. या कायद्यातील ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम लक्षात घेण्याजोगी आहे. अध्यापन करणारे आणि न करणारे असे दोन्ही प्रकारचे सेवक तीत एकाच ओळीत आले. मुख्याध्यापक आणि शिपाई यांना एकच न्यायाधिकरण, अपिलाचा एकच अधिकार.

सेवाकपातीची रीतही नियमावलीने ठरवून दिली. तुकड्या किंवा विद्यार्थी कमी झाले, एखादा अभ्यासक्रम बंद पडला, तरच आणि तेही शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन व तीन महिन्यांची नोटीस देऊन कायम कर्मचाऱ्याला कमी करता येते. जो सर्वांत कनिष्ठ तो प्रथम कमी व्हावा; त्यातही मागासवर्गीयांच्या राखीव प्रमाणाला बाध येऊ नये. आणखी दोन तरतुदी याहूनही मोलाच्या. एक अशी की, कोणत्याही संस्थेने कायम रिक्त जागा भरण्यापूर्वी शिक्षणाधिकाऱ्यांकडील अतिरिक्तांच्या यादीत योग्य माणूस आहे काय, हे विचारलेच पाहिजे. दुसरी अशी की, रद्द झालेली जागा पुन्हा निर्माण झाली, तर ज्याला घरी किंवा दुसऱ्या शाळेत पाठविले त्यालाच नोंदणीकृत पत्राने प्रथम बोलाविले पाहिजे.

अन्याय झाल्यास तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. असे न्यायाधिकरण कोल्हापुरातही आहे. ते सेवकाला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश देऊ शकते. ते शक्य नसेल, तर दहा वर्षे किंवा अधिक सेवा झालेल्यास बारा महिन्यांचे आणि त्याहून कमी सेवा असलेल्यास सहा महिन्यांचे वेतन भरपाई म्हणून देवविण्याचा अधिकारही त्यास आहे. खेड्यातल्या एखाद्या शिपायाने संस्थेच्या अध्यक्षाला न्यायासनासमोर उभे करावे, ही गोष्ट या कायद्यापूर्वी कल्पनेतही आली नसती.

कोल्हापूरची परंपरा

या प्रश्नाचा विचार कोल्हापुरात करावयाचा तर त्याला एक वेगळी पार्श्वभूमी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. त्याआधी १९०१ पासून या शहरात वसतिगृहांची चळवळ उभी राहिली होती. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील याच जिल्ह्यातील कुंभोजचे. बापूजी साळुंखे यांनी १९५४ साली स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था येथेच स्थापन केली. गारगोटीचे मौनी विद्यापीठ आणि त्यामागे उभे राहिलेले, आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक, हीही याच मातीतील नावे. स्वातंत्र्यानंतर या जिल्ह्याच्या खेडोपाडी माध्यमिक शाळा पोहोचल्या त्या प्रामुख्याने अशा खाजगी संस्थांच्या द्वारे.

या शाळा उभारताना अनेक ठिकाणी गावाने जागा दिली, लोकांनी श्रमदान केले आणि शाळेचा शिपाई म्हणून गावातलाच एखादा गरजू तरुण नेमला गेला. घरी गुंठ्यांत मोजावी इतकी शेती, हाती सातवी किंवा दहावीचा दाखला. अशा माणसाच्या घरात दरमहा पगार येऊ लागला आणि त्याची मुले त्याच शाळेत शिकून पुढे गेली. बहुजनांच्या घरात शिक्षण पोहोचविण्याचे जे कार्य वर्गातील धड्यांनी केले, त्याला या पगाराचाही हातभार लागला, हे नाकारता येणार नाही.

आता त्याच शाळांचा पट घसरतो आहे. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरी तालुक्यांतील तरुण पोटासाठी पुण्यामुंबईकडे जातो, तेव्हा त्याची मुलेही त्याच्याबरोबर जातात. घरटी मुलांची संख्या कमी झाली आहे. उरलेल्यांपैकी ज्यांना परवडते त्यांना नेण्यासाठी इंग्रजी माध्यमाच्या शाळेची गाडी दारापर्यंत येते. मुलांची संख्या धरून संचमान्यता ठरते आणि कालपर्यंत गरजेचा असलेला सेवक एका कागदाने अतिरिक्त होतो. पट कमी होण्यात त्याचा काडीइतका दोष नसतो.

यादी आहे, जागा नाही

वर सांगितलेला कायदा अजून अंमलात आहे, मग चिंता कशाची, असे कोणी विचारील. चिंता अशी की, त्या कायद्याची सारी भिस्त एका गृहीतकावर आहे. एका शाळेत जागा कमी झाली तरी दुसऱ्या कोठल्या तरी शाळेत ती रिकामी असणार, हे ते गृहीतक होय. गेल्या काही वर्षांत तेच काढून घेतले गेले आहे.

हे टप्प्याटप्प्याने घडले. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणीची मोहीम झाली आणि अनेक ठिकाणची पटसंख्या फुगविलेली असल्याचे उघड झाले. पाठोपाठ २ मे २०१२ च्या शासन निर्णयाने, अतिरिक्तांचे समायोजन पूर्ण होईपर्यंत, नव्या भरतीवर बंदी आली. तिचा हेतू समजण्याजोगा होता. पण काम थांबत नसल्याने काही संस्थांनी माणसे नेमलीच, आणि मान्यता नाही म्हणून त्यांच्यापैकी अनेकांना वेतनासाठी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे आणि न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले. जानेवारी २०१९ मध्ये लिपिक, ग्रंथपाल व प्रयोगशाळा सहायक यांचा सुधारित आकृतिबंध आला. शेवटी ११ डिसेंबर २०२० च्या निर्णयाने चतुर्थ श्रेणीचा प्रश्न शासनाने आपल्या परीने निकालात काढला. अनुदानित शाळांतील शिपायांची पदे जसजशी रिकामी होतील तसतशी ती रद्द व्हावयाची आणि त्यांच्याऐवजी शाळेला ‘शिपाई भत्ता’ मिळावयाचा. मुंबई व पुणे येथे दरमहा दहा हजार रुपये, अन्य महानगरपालिकांच्या क्षेत्रांत साडेसात हजार आणि ग्रामीण भागात पाच हजार.

वरवर पाहता यात कोणाच्याही पोटावर पाय येत नाही. आज सेवेत असलेला निवृत्त होईपर्यंत राहील. पुढे पद नाही, एवढेच. पण याचा अतिरिक्त ठरणाऱ्यावर होणारा परिणाम पाहावा. चंदगडच्या शाळेतील एक शिपाई अतिरिक्त ठरला. शेजारच्या शाळेतील शिपाई पुढल्या वर्षी निवृत्त होतो आहे. जुन्या व्यवस्थेत ती जागा याच्यासाठी चालून आली असती. नव्या व्यवस्थेत निवृत्तीबरोबर ते पदच मिटून जाते आणि त्या शाळेला मिळतो भत्ता. पहिली जागा पुन्हा निर्माण झाल्यास प्रथम बोलावण्याचा जो हक्क, तोही निष्फळ. कारण मृत संवर्गातील पद पुन्हा निर्माण होत नसते. अपील करावे म्हटले तर न्यायाधिकरणापुढे नेण्यासारखा बडतर्फीचा आदेश कोणी काढलेलाच नाही. अतिरिक्तांची यादी शिल्लक आहे आणि तीवरील माणसेही आहेत; पण त्यांना सामावून घेणाऱ्या जागा मात्र दर निवृत्तीबरोबर नाहीशा होत आहेत.

भत्त्यावर येणाऱ्या माणसाची स्थिती तर याहून बिकट. ग्रामीण भागातील पाच हजार रुपये महिन्याच्या सव्वीस दिवसांत वाटले, तर रोजचे १९२ रुपये होतात. २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा महाराष्ट्रातील दर ३१२ रुपये होता. शाळेतील सेवकांना संरक्षण देणारा आणि ग्रामीण मजुराला कामाची हमी देणारा, असे दोन्ही कायदे या राज्याने १९७७ या एकाच वर्षाच्या नावाने केले. त्यांपैकी एकाच्या छत्राखालून निघालेल्या कामाला आज दुसऱ्याच्या खडी फोडण्याच्या मजुरीइतकाही भाव राहू नये, हा विपर्यास विचार करावयास लावणारा आहे.

शासनाची बाजू

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ऐंशी मुलांच्या शाळेला तीन शिपाई कशाला, हा अर्थखात्याचा प्रश्न अगदीच अनाठायी नाही. शाळांतील वेतनाचा भार राज्याच्या तिजोरीवर मोठा आहे. वेतन आयोगागणिक तो वाढत गेला आहे. शिवाय संस्थाचालकांचे हात सर्वत्र स्वच्छ होते, असेही म्हणता येणार नाही. नातलगांच्या नेमणुका झाल्या, नेमणुकीसाठी ‘देणगी’ घेतल्याच्या कहाण्या गावोगाव ऐकू येतात आणि खोट्या पटावर खऱ्या जागा मंजूर करून घेतल्या गेल्या. शिक्षणाधिकाऱ्यांनी पाठविलेला अतिरिक्त सेवक ‘आमच्याकडे जागा नाही’ असे सांगून परत धाडणाऱ्या संस्थाही आहेत. त्या आपल्या पसंतीच्या माणसासाठी ती जागा झाकून ठेवतात. अशा वेळी १९७७ च्या कायद्याचा भंग शासन करीत नसून संस्था करीत असतात.

तथापि या दोषांचे परिमार्जन पद मारून होत नाही. पट खोटा लावला तो संस्थेने. शिक्षा भोगतो तो सेवक. गैरव्यवहाराची झळ कोणाला बसते, याचे एक उदाहरण पश्चिम बंगालमध्ये नुकतेच पाहावयास मिळाले. तेथील शालेय भरतीतील गैरप्रकारांमुळे एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचवीस हजारांहून अधिक शिक्षक व शिक्षकेतरांच्या नेमणुका रद्द केल्या. विद्यार्थ्यांचे नुकसान टळावे म्हणून निर्दोष शिक्षकांना वर्षअखेरपर्यंत काम करण्याची मुभा नंतर मिळाली. लिपिक व शिपाई यांच्या वर्गाला ती मिळाली नाही. त्या वर्गातील गैरप्रकारांचे प्रमाण अधिक असल्याचे कारण न्यायालयाने दिले आणि ते त्या प्रकरणापुरते असेलही. पण त्या वर्गात जे निर्दोष होते, त्यांच्यासाठी वर्षअखेरची वाट उघडली नाही.

या उलट अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने कमी केलेल्या शाळा-सेवकांना एकोणचाळीस महिने पुनर्नियुक्तीचा अग्रहक्क दिला आहे. २०२२ पासून तेथे शिक्षकाप्रमाणेच या सेवकांनाही १५ मार्चपर्यंत आगाऊ नोटीस आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. श्रीमंत देशाचे सारेच अनुकरण आपल्याला परवडणार नाही. पण आपल्या १९८१ च्या नियमावलीत जे तत्त्व आधीच आहे, ते पाळण्यास श्रीमंती लागत नाही.

कामाचे मोल

मुळात हे काम उरलेले नाही, असे कोणी म्हणत असेल तर तोही भ्रम होय. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या कागदपत्रांच्या बरोबरीने शाळांची जनरल रजिस्टरेही उघडावी लागली. जीर्ण झालेली, काही ठिकाणी मोडीत लिहिलेली ती पाने कोणत्या कपाटात आहेत, हे सांगणारा माणूस लिपिक किंवा शिपाईच होता. एखाद्या कुटुंबाचा जातीचा दाखला, वारसाचा हक्क, जन्मतारखेचा पुरावा या रजिस्टरातील एका ओळीवर उभा असतो. ती ओळ जपणे हे ‘शिक्षकेतर’ काम आहे.

हे काम करण्यास माणूस नसेल तर ते शिक्षकाच्या गळ्यात पडते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना लावू नयेत, असे बजावले. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षक किती हवेत, खोल्या किती, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, ग्रंथालय या साऱ्यांची मोजदाद आहे आणि ते स्वच्छतागृह धुणार कोण याचा उल्लेखच नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिपाई नसतो. तेथे झाडू कोणाच्या हाती असतो, हे खेड्यातील प्रत्येक पालक जाणतो. माध्यमिक शाळाही त्याच वाटेने नेण्याचा हा प्रकार आहे. मुलींच्या शाळागळतीवर परिसंवाद भरविणाऱ्यांनी एकदा बिनपाण्याच्या, कुलूप घातलेल्या स्वच्छतागृहाचा विचार करावा.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत लहानग्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि महाराष्ट्र हादरला. आरोप आला तो थोड्याच दिवसांपूर्वी कंत्राटी पद्धतीने कामावर आलेल्या सफाई कामगारावर. त्यावरून कंत्राटी कामगार तेवढे वाईट आणि कायम सेवक तेवढे सज्जन, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पण ज्याची पार्श्वभूमी शाळेला माहीत नाही, ज्याच्या वर्तनाची नोंद शाळेच्या दप्तरी नाही आणि जो उद्या येईल की नाही हे ठेकेदारालाच ठाऊक, अशा व्यवस्थेत जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरतोच. त्यानंतर शाळाशाळांतून कॅमेरे लावण्याचे आदेश निघाले. पाच हजारांच्या भत्त्यावर दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या माणसाच्या हाती शाळेच्या किल्ल्या द्यावयाच्या आणि भिंतीवर कॅमेरा लावावयाचा, याला सुरक्षितता म्हणणे कठीण आहे.

करावयाचे काय?

यावर उपाय अशक्य कोटीतील नाहीत आणि त्यांपैकी बहुतेकांसाठी नवा कायदाही नको. पहिली गोष्ट, अतिरिक्त शिक्षकेतरांची जिल्ह्याची यादी संवर्गनिहाय व सेवाज्येष्ठतेनुसार दरवर्षी उघडपणे प्रसिद्ध व्हावी. ती कचेरीच्या कपाटात राहते तोवर तिच्यावरून वशिल्याचे व्यवहार होणार. दुसरी, यादीवर एकही नाव शिल्लक असेतोवर त्या जिल्ह्यात शिपाई भत्त्यावर माणूस नेमू नये. रिक्त होणारे पद त्या नावासाठी जिवंत ठेवावे आणि तो निवृत्त झाल्यावरच ते रद्द करावयाचे की नाही, याचा निर्णय घ्यावा. यात तिजोरीवर फार मोठा भार पडेल असे वाटत नाही, कारण सेवेत कायम असलेल्या त्या माणसाचे वेतन शासनाला एरवीही टाळता येणार नाही.

तिसरी गोष्ट समायोजनाच्या अंतराची. शाहूवाडीच्या डोंगरातील सेवकाला शिरोळच्या टोकाला पाठविणे म्हणजे त्याला राजीनाम्याची वाट दाखविणे होय. शिक्षकाच्या पगारात बिऱ्हाड हलविता येते; शिपायाचे अर्धे पोट घरच्या तुकड्यावर अवलंबून असते. तेव्हा प्रथम तालुका, मग लगतचा तालुका, असा क्रम ठरवून द्यावा. चौथी गोष्ट, ज्यांनी नोकरीत राहून पुढील शिक्षण घेतले आहे अशा शिपायांना लिपिकाच्या व प्रयोगशाळा सहायकाच्या रिक्त जागी प्राधान्याने बढती द्यावी. संगणकाचे शिक्षण लागेल तर ते शासनाने द्यावे. पाचवी, आकृतिबंध निव्वळ पटावर न ठरविता कामावरही ठरवावा. मुले साठ असोत की सहाशे. फाटक, टाकी, स्वच्छतागृह आणि जनरल रजिस्टर प्रत्येक शाळेला असतेच. अगदी लहान शाळांसाठी जवळच्या दोन शाळांना मिळून एक लिपिक देता येईल; पण एक सेवक प्रत्येक शाळेला हवाच. आणि जी संस्था अतिरिक्त सेवकाला रुजू करून घेण्याचे नाकारील, तिच्या वेतनेतर अनुदानातून त्याचे वेतन वळते करावे. दोन संस्थांच्या बाबतीत असे झाले, तर तिसरीला नकार देण्याचे धैर्य होणार नाही.

संघटनांनीही एक गोष्ट मनावर घ्यावी. १९७७-७८ च्या हिवाळ्यात महाराष्ट्रातील सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक यांनी चोपन्न दिवसांचा संप केला, तेव्हा वरचा आणि खालचा असा भेद त्या लढ्यात राहिला नव्हता. पुढे शिक्षकांच्या संघटना वेगळ्या, शिक्षकेतरांच्या वेगळ्या, आणि अतिरिक्तांचा प्रश्न आला की ज्याचे त्याने पाहावे, अशी स्थिती आली. आज शिपायाचे पद मिटत असताना स्वस्थ बसलेल्या शिक्षकाने उद्या शाळाच मिटली तर कोणाकडे पाहावयाचे?

पुढील संचमान्यतेचे कागद यथाकाल निघतील आणि कोल्हापूर जिल्ह्यातील काही सेवक त्यात पुन्हा अतिरिक्त ठरतील. त्यापूर्वी निदान जिल्ह्याची अतिरिक्तांची यादी जिल्हा परिषदेच्या फलकावर लावावी आणि ती संपेपर्यंत भत्त्यावरील एकही नेमणूक होणार नाही, असे लेखी जाहीर करावे. एवढे करण्यास मंत्रालयाची वाट पाहावी लागेल असे नाही. अधिनियमाने शिक्षणाधिकाऱ्यांना यादी ठेवण्यास सांगितले आहे ते तिचा उपयोग व्हावा म्हणूनच.